पाच वर्षांच्या मुलाचं कोलेस्टेरॉल ४६२ कसं काय येतं?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते ती, मला ताई म्हणते, तिने लॅबच्या रिपोर्टचा फोटो पाठवला होता आणि खाली एवढंच, "ताई जागी आहेस का?" तिच्या पाच वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळण्याचा आजार झालाय, स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्टेरॉल ४६२, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली दुसरी चरबी ३१८, एलडीएल म्हणजे लोक वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल ३४५, सगळं ठळक अक्षरात आणि प्रत्येक आकड्याशेजारी वर जाणारा बाण. घरात तोपर्यंत दोन निकाल लागून गेले होते. सासूबाई म्हणाल्या, रोज भातावर तूप ओततेस, मग हे होणारच. नवरा म्हणाला, गोळ्यांमुळेच झालंय, उद्यापासून गोळ्या बंद. आणि ही बिचारी किचनमध्ये उभी राहून रडत होती.

मी डॉक्टर नाही. भांडुपला राहते, माझ्या मुलीला चार वर्षांची असताना हाच आजार झाला, आता ती अकराची आहे, मधल्या काळात किडनीच्या ओपीडीत इतके तास बसलेय, इतके प्रश्न विचारलेत आणि इतकं वाचलंय की या एका विषयावर मला नीट सांगता येतं असं मला वाटतं. त्या रात्री तिला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण हा रिपोर्ट बघून घाबरणारी ती पहिली नाही आणि शेवटचीही नसणार.

आधी महत्त्वाचं सांगते. तो ४६२ चा आकडा तुपातून आलेला नाही, तो किडनीतून आलाय. आणि ज्या गोळ्या बंद करायच्या गोष्टी चालल्यात त्याच गोळ्या हा आकडा खाली आणणार आहेत. स्टिरॉइडने कोलेस्टेरॉल वाढत नाही असं मी म्हणत नाहीये, वाढतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय, पण या मुलाच्या या रिपोर्टमध्ये स्टिरॉइडचा हात फार थोडा आहे.

आता किडनीपासून सुरुवात करू. आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. रक्त त्यातून जातं, पाणी आणि कचरा खाली गळतो, कामाचं सामान वर राहतं. या गाळणीच्या बाहेरच्या बाजूला खास पेशी असतात, त्यांना पोडोसाइट म्हणतात, त्यांना बोटांसारखे फाटे असतात आणि ते एकमेकांत अडकवून त्या बसलेल्या असतात, आपण दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवतो ना तसं. त्या बोटांमधल्या फटी इतक्या बारीक की प्रोटीन त्यातून जात नाही. नेफ्रोटिकमध्ये ही बोटं चपटी होतात, फटींची रचना बिघडते आणि प्रोटीन लघवीतून वाहून जायला लागतं. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा जो प्रकार असतो त्याला मिनिमल चेंज म्हणतात, कारण साध्या मायक्रोस्कोपखाली किडनी जवळजवळ नॉर्मलच दिसते, बिघाड दिसतो तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये. नावात मिनिमल आहे म्हणून आजार किरकोळ असं मात्र नाही.

वाहून जातं ते मुख्यतः अल्बुमिन. अल्बुमिनचं एक काम म्हणजे रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवणं. ते कमी झालं की पाणी रक्तवाहिनीतून बाहेर झिरपतं आणि मूल सुजतं. सकाळी उठल्यावर आधी डोळ्यांच्या पापण्या सुजतात, बऱ्याच घरांत आधी वाटतं डास चावला, ॲलर्जी आली, डोळे आले, चार-पाच दिवस थेंब घालण्यात जातात, मग पाय सुजतात, पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेत रुततं, तेव्हा लघवी तपासली जाते आणि प्रोटीन ३+ किंवा ४+, म्हणजे खूप जास्त येतं. नॉर्मल अल्बुमिन साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतं, या मुलाचं १.७ होतं.

आणि इथेच लिव्हर गोष्टीत येतं. अल्बुमिन बनवतं लिव्हर. रक्तातलं अल्बुमिन घसरलं, रक्ताची पाणी धरून ठेवायची ताकद कमी झाली, हे लिव्हरला कळतं आणि ते जोरात कामाला लागतं, पण ते फक्त अल्बुमिन वाढवून थांबत नाही, सोबत बाकीचीही बरीच प्रोटीनं जास्त बनवायला लागतं, आणि त्यातच ती प्रोटीनं असतात जी रक्तात चरबी वाहून नेतात. पुढचं समजायला एक मिनिट चरबीच्या वाहतुकीकडे बघावं लागेल.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून लिव्हर चरबी सुटी सोडत नाही, प्रोटीनच्या वेष्टनात भरून पाठवतं. मी हे वाशी मार्केटच्या ट्रकांसारखं समजून घेतलं. लिव्हर म्हणजे माल भरून ट्रक सोडणारं ठिकाण. ट्रक निघतो तेव्हा त्यात ठासून ट्रायग्लिसराइड भरलेलं असतं, याला व्हीएलडीएल म्हणतात. हा ट्रक स्नायूंच्या आणि चरबीच्या दारात जातो, तिथे माल उतरवणारे माथाडी असतात, म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम. माल उतरला की ट्रक हलका होतो, उरतं ते मुख्यतः कोलेस्टेरॉल, तेव्हा त्याचं नाव एलडीएल. हा रिकामा होत आलेला ट्रक परत लिव्हरमध्ये घ्यायला लिव्हरच्या भिंतीवर गेट असतात, एलडीएल रिसेप्टर. हे गेट शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं, इतकी ही मोठी गोष्ट आहे.

आता नेफ्रोटिकमध्ये काय होतं बघा. लिव्हर नेहमीपेक्षा जास्त ट्रक सोडतं. त्याच वेळी माथाडी कमी पडतात, लायपेजचं काम मंदावतं, माल भरलेले ट्रक उतरवायला कोणी नाही म्हणून रस्त्यात उभे, हे झालं तुमचं वाढलेलं ट्रायग्लिसराइड. आणि तिसरं, परतीचे गेट पण कमी होतात, कारण गेट मोडीत काढणारं पीसीएसके-९ नावाचं एक प्रोटीन या आजारात वाढतं. म्हणजे रिकामे ट्रकही आत जाऊ शकत नाहीत, हे वाढलेलं एलडीएल. वर कोलेस्टेरॉल गोळा करून परत आणायच्या कामात लागणारं एक एन्झाइम लघवीतून वाहून जातं ते वेगळंच. तिन्ही बाजूंनी ट्रॅफिक जाम. लॅबवाला फक्त रस्त्यावरचे ट्रक मोजतो आणि ४६२ लिहून देतो. त्या मुलाने आठवड्यात किती चमचे तूप खाल्लं याचा या जामशी काही संबंध नाही, तूप पूर्ण बंद केलं असतं तरी हा आकडा असाच काहीतरी आला असता.

कोणी म्हणेल, ताई हे सगळं ठीक, पण स्टिरॉइड सुरू झाल्यावरच वाढलं ना. तर इतिहासात एक फार चांगला पुरावा आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते, अंग सुजणं, लघवीतून अल्बुमिन जाणं आणि किडनी बिघडणं या तिन्हींचा संबंध त्यांनी १८२७ मध्ये मांडला, आणि अशा पेशंटचं रक्त ठेवल्यावर वर येणारं सीरम दुधासारखं दिसतं हेही त्यांच्या काळात लक्षात आलं होतं. दुधासारखं म्हणजे चरबीने भरलेलं. आणि कॉर्टिसोन, म्हणजे या घराण्यातलं पहिलं औषध, पेशंटला पहिल्यांदा दिलं गेलं १९४८ मध्ये, त्याबद्दल केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. मध्ये एकशेवीस वर्षांचं अंतर आहे! स्टिरॉइड जगात नव्हतं तेव्हाही या आजारात रक्त दुधाळ होत होतं. आणि तेव्हा यातली कितीतरी मुलं इन्फेक्शन होऊन जात होती हेही लक्षात ठेवा.

आता स्टिरॉइडची बाजू, कारण अर्धंच सांगितलं तर ते बरोबर नाही.

प्रेडनिसोलोन, म्हणजे या गोळ्यांतलं स्टिरॉइड, हे शरीरातल्याच कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनचं जोरदार भावंड म्हणा. जिममध्ये बॉडी बनवायला घेतात ते स्टिरॉइड वेगळं, त्याचा इथे संबंध नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या एका नातेवाइकांनी माझ्या मुलीला बघून हेच विचारलं होतं. नेफ्रोटिकमध्ये हे औषध इम्यून सिस्टीमला शांत करतं आणि पोडोसाइटला सावरायलाही मदत करतं, १०० पैकी ८० ते ९० मुलांची गळती याने थांबते, बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत. आपल्याकडे पहिल्या वेळी साधारण सहा आठवडे रोज आणि मग सहा आठवडे एक दिवसाआड अशी गोळी देतात. गळती थांबली, अल्बुमिन वर आलं, की लिव्हरची घाई संपते आणि ट्रक कमी होतात. या वाटेने स्टिरॉइड कोलेस्टेरॉल कमी करतं.

पण त्याची दुसरी वाट उलटी जाते. कॉर्टिसॉलचं मूळ काम शरीराला संकटात इंधन पुरवणं, म्हणून ते चरबीच्या पेशींना साठा सोडायला लावतं, तो साठा लिव्हरकडे जातो आणि लिव्हर तो परत ट्रकमध्ये भरतं. इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे शुगर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वर सरकायला बघतात. चरबीची जागा बदलते, गाल गोल होतात, पोट सुटतं, हातपाय तसेच राहतात. आणि भूक! ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही. माझी मुलगी रात्री तीनला उठून पोळी मागायची, दिली की खाऊन परत चारला उठायची, आणि नाही म्हटलं की अशी रडायची की शेजारी विचारायला येतील. ते मूल हट्टी नसतं, हावरट नसतं, औषध त्याच्या मेंदूला भूक भूक म्हणून सांगत असतं.

तर या दुसऱ्या वाटेनेही कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड वाढतं, पण ते डोस किती आणि किती महिने यावर असतं. आणि एक बारीक गोष्ट, स्टिरॉइडवर असताना एचडीएल, ज्याला लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात, तेही बऱ्याचदा वाढतं, म्हणून नुसता टोटल कोलेस्टेरॉलचा आकडा बघून काही ठरवू नका, आत काय काय वाढलंय ते बघा. थोडक्यात पहिल्या आठवड्यात आलेला ४६२ हा आजाराचा आकडा, आणि वर्षभर सारखे रिलॅप्स होऊन, म्हणजे आजार परत परत उलटून, गोळी कधी सुटतच नाही अशा मुलाचा, लघवी साफ असतानाही वर राहिलेला आकडा, त्यात मात्र स्टिरॉइडचा मोठा वाटा असू शकतो. दोन्ही रिपोर्ट दिसायला सारखे, अर्थ वेगळा.

म्हणून माझं एक ठाम मत आहे की लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टच्या कागदावर पेनाने त्या दिवसाची परिस्थिती लिहून ठेवावी. त्या दिवशी लघवीत प्रोटीन किती होतं, अल्बुमिन किती, गोळीचा डोस किती, गोळी सुरू होऊन किती दिवस झाले. एवढं लिहिलेलं असलं की डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात, नाहीतर सहा महिन्यांनी तो कागद बघून कोणालाच काही कळत नाही.

रिपोर्टबद्दल अजून बोलायला हवं कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती मोठ्या माणसांची. मुलांमध्ये टोटल कोलेस्टेरॉल १७० च्या खाली चांगलं, २०० आणि वर जास्त. एलडीएल ११० च्या खाली चांगलं, १३० पासून जास्त. ट्रायग्लिसराइड तर नऊ वर्षांपर्यंत ७५ च्या खाली हवं आणि १०० पासूनच जास्त धरतात, दहाच्या पुढे ९० आणि १३०. मोठ्यांच्या रेंजमध्ये १५० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचं १४० आलं तर रिपोर्टवर बाणच येत नाही आणि आपण खुश. एकीकडे नेफ्रोटिकच्या भरात आलेल्या आकड्याला उगाच घाबरायचं आणि दुसरीकडे नंतरच्या खरंच बघायला हव्या अशा आकड्याकडे दुर्लक्ष, असं उलटं होऊन बसतं.

एलडीएल बऱ्याच लॅबमध्ये मोजत नाहीत, गणित करून काढतात, टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित चुकतं, तेव्हा तो एलडीएल धरायचा नाही. टोटल आणि एचडीएलला उपाशीपोटी असायची तशी गरज नसते, ट्रायग्लिसराइडला मात्र खाल्ल्याचा फरक पडतो, आणि स्टिरॉइडवरच्या मुलाला सकाळी दहापर्यंत उपाशी ठेवणं म्हणजे काय असतं ते आईलाच माहीत, त्यामुळे डॉक्टरांना विचारून घ्या की खरंच उपाशीपोटी हवीय का. आणि सीरम फार दुधाळ असेल तर काही मशीनवर सोडियम खोटंच कमी दिसतं, चरबीने जागा अडवल्यामुळे. असा कमी सोडियमचा रिपोर्ट आला तर घरच्या घरी मीठ वाढवायचं नाही, सूज असलेल्या मुलाला तर अजिबातच नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

परत टेस्ट कधी करायची हाही प्रश्न असतो. गळती थांबल्यावर सूज आधी उतरते, अल्बुमिन त्यानंतर भरून येतं आणि कोलेस्टेरॉल सगळ्यात शेवटी उतरतं, काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी लिपिड करून जीव जाळण्यात अर्थ नाही, पैसेही जातात. त्यापेक्षा रोज सकाळची लघवी तपासणं हजारपट उपयोगाचं. लघवी तपासायच्या स्ट्रिप महाग वाटत असतील तर टेस्ट ट्यूबमध्ये लघवी घेऊन वरचा भाग गरम करायचा, गढूळ झाली तर व्हिनेगरचे तीन-चार थेंब टाकायचे, तरी गढूळपणा राहिला तर प्रोटीन आहे. मागे पेपर धरून बघायचं. अक्षरं वाचता येतात म्हणजे थोडं, काळं काहीतरी दिसतं पण वाचता येत नाही म्हणजे जास्त, काहीच दिसत नाही म्हणजे ३+, आणि दह्यासारखं घट्ट बसलं तर ४+. एकदा ओपीडीत शिकून घ्या, वहीत तारीख टाकून लिहा. सलग तीन दिवस ३+ म्हणजे रिलॅप्स, सलग तीन दिवस निल (काहीच नाही) किंवा ट्रेस (अगदी नावापुरतं) म्हणजे गळती थांबली. माझ्याकडे सात वर्षांच्या चार वह्या आहेत.

आता गोळ्या बंद करण्याबद्दल, यावर मी त्या रात्री तिच्या नवऱ्याशीही बोलले. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळतंय म्हटल्यावर किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतात. दोन-तीन आठवड्यांहून जास्त गोळी झाली आणि ती अचानक तोडली तर शरीराकडे स्वतःचं काही नसतं, त्यात ताप आला, उलट्या झाल्या, तर बीपी आणि शुगर धोकादायक खाली जाऊ शकतात. आणि कोर्स अर्धवट सोडला म्हणजे गळती परत आणि गळती परत म्हणजे तेच कोलेस्टेरॉल परत. ज्या आकड्याच्या भीतीने गोळी सोडायची तोच आकडा त्यामुळे टिकून राहतो. गोळीचा डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच. मूल उलटी करून गोळी बाहेर काढत असेल तरी फोन करून विचारा. सकाळी नाश्त्यानंतर द्या म्हणजे पोटाला त्रास कमी होतो. वसंत ऋतूत कांजिण्यांची साथ येते, तेव्हा शाळेत कोणाला कांजिण्या झाल्या असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि कुठलीही लस देण्याआधी मूल स्टिरॉइडवर आहे हे सांगा, काही जिवंत लसी तेव्हा चालत नाहीत.

खाण्याचं सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले होते. मुलीचा पहिला लिपिड रिपोर्ट बघून मी घरातलं तूप बंद केलं, अंड्याचा पिवळा बलक बंद, दूध सायविरहित, जवळजवळ पाच महिने. कोणी सांगितलं नव्हतं, मीच घाबरून केलं. कोलेस्टेरॉल उतरलं ते गळती थांबली म्हणून, आणि मधल्या काळात मुलगी चिडचिडी आणि कायम भुकेली, कारण नुसत्या भात-पोळीवर पोट टिकत नाही. वाढत्या मुलाला चरबी लागते, दोन वर्षांच्या आतल्या मुलाची तर चरबी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोडूच नये. वरण-भातावर एक चमचा तूप, दिवसाआड अंडं, मासे, डाळी, उसळी, हे चालू द्या. कमी करायचं ते तळलेलं, बेकरीचं, वनस्पती तुपातलं खारी-टोस्ट-नानकटाई, वेफर्स, शेव-फरसाण, आणि गोड पेयं. ट्रायग्लिसराइडला तेलाइतकीच साखर वाढवते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, तळण बंद करतात आणि ज्यूसचे टेट्रापॅक रोज देतात.

आणि मीठ, सूज असताना आणि मोठ्या डोसवर असताना सगळ्यात जास्त लक्ष त्यावर हवं. पापड-लोणचं सगळे बंद करतात, पण पाव, बिस्किटं, चीज, सॉस, झटपट नूडल्सचा मसाला यातलं मीठ दिसत नाही. आणि आमच्या घरी सुक्या बोंबलाची चटणी, सुका जवळा हे जेवणातलं रोजचं, त्यात किती मीठ असतं हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ताजे बोंबील, ताजी मांदेली द्या, सुकं बाजूला ठेवा. भुकेसाठी बिनमिठाचे फुटाणे, काकडी, गाजर, मोड आलेल्या मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, बिनमिठाचं ताक, मुरमुरे असं हाताशी तयार ठेवा, म्हणजे मूल मागेल तेव्हा नाही म्हणायची वेळ येत नाही. प्रोटीन लघवीतून जातंय म्हणून डबल-डबल प्रोटीन पावडर देऊ नका, वयाला लागतं तेवढं पुरतं, गळती चालू असताना जास्त घातलेलं तसंच वाहून जातं. उपाशीपोटी लसूण, दालचिनीचं पाणी, लेबल नसलेल्या पुड्या, हे सगळं मला सुचवलं गेलंय, यातलं काही मी दिलं नाही आणि तुम्हीही देऊ नका, पुडीत काय आहे हेच माहीत नसतं.

मग कोलेस्टेरॉलची काळजी कधी करायची? ज्यांच्यात स्टिरॉइडने गळती थांबतच नाही अशी थोडी मुलं असतात, तिथे कोलेस्टेरॉल महिनोन्महिने, वर्षानुवर्षं वर राहतं आणि तेव्हा रक्तवाहिन्यांचा विचार करावा लागतो, किडनीचे डॉक्टर आजाराची वेगळी औषधं देतात आणि गरज वाटली तर मोठ्या मुलांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळीही. अशा मुलांमध्ये थायरॉइडही तपासतात, कारण थायरॉइड हार्मोन वाहणारं प्रोटीनही लघवीतून जातं, आणि थायरॉइड कमी पडलं की कोलेस्टेरॉल अजून वाढतं. सारखे रिलॅप्स होऊन गोळी सुटत नाही, वजन, बीपी वाढलंय, अशा मुलाचंही लिपिड बघत राहावं लागतं, तिथे उपाय बऱ्याचदा स्टिरॉइड कमी करता येईल असं दुसरं औषध जोडणं हा असतो. बाकी जी मुलं गोळीला चांगली साथ देतात त्यांना सहसा कोलेस्टेरॉलच्या वेगळ्या गोळीची गरज पडत नाही, काही आठवडे वाढलेल्या कोलेस्टेरॉलने हृदयाची नस बंद होत नाही, ते वर्षानुवर्षांचं काम असतं.

एक वेगळी शक्यता मात्र राहते. लघवी कित्येक महिने साफ आहे, गोळी बंद आहे, तरी एलडीएल १९० च्या आसपास किंवा वर, तर ते घराण्यातून आलेलं असू शकतं. साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला जन्मतःच ते परतीचे गेट कमी किंवा बिघडलेले असतात. घरात कोणाला पन्नाशीच्या आसपास किंवा त्याआधी हार्ट अटॅक आलाय का ते आठवा, आई-वडिलांनी स्वतःचं कोलेस्टेरॉल तपासा, आणि डॉक्टरांना सांगा.

आणि लोक "रक्त घट्ट झालंय" म्हणतात त्याबद्दल. नेफ्रोटिकमध्ये गुठळी व्हायचा धोका खरा आहे, पण त्याचं मोठं कारण म्हणजे रक्त गोठू न देणारी काही प्रोटीनं लघवीतून जातात आणि लिव्हर गोठवणारी प्रोटीनं जास्त बनवतं. एकच पाय अचानक सुजला आणि दुखतोय, लघवीतून रक्त आलं आणि कंबर दुखतेय, दम लागला, जोराचं डोकं दुखून उलट्या होतायत, किंवा तापासोबत पोटात खूप दुखतंय, यातलं काहीही झालं तर लिपिड वगैरे बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, तेव्हाही पोटातच दुखतं.

दम्याच्या पंपावर असलेल्या मुलांच्या आयाही मला हे विचारतात, मुंबईच्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली की अर्ध्या वर्गाच्या दप्तरात पंप असतो. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि सरळ श्वासनलिकेत जातं. डॉक्टरांनी दिलेल्या नेहमीच्या डोसला वर लिहिलेलं सगळं लावू नका आणि या भीतीने पंप तर बंद करूच नका. ब्लड कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये गोष्ट वेगळी, तिथे स्टिरॉइडसोबत ॲस्परॅजिनेज नावाचं इंजेक्शन असतं आणि दोन्ही मिळून ट्रायग्लिसराइड कधी कधी हजाराच्याही पुढे नेतात, ते तिथले डॉक्टर बघत असतात आणि ट्रीटमेंटचा तो टप्पा संपला की सहसा खाली येतं.

खालच्या मजल्यावरच्या मुलाची लघवी अकराव्या दिवशी ट्रेस आली, बाराव्या दिवशी निल, तेराव्या दिवशी निल. तिने वहीचा फोटो पाठवला. सूज उतरली तसं वजन एकोणीसवरून सोळावर आलं, गाल मात्र आता गोल व्हायला लागलेत. लिपिडची टेस्ट डॉक्टरांनी गोळ्यांचा कोर्स संपल्यावर सांगितलीय, म्हणजे गणपतीनंतर. परवा मी गेले तेव्हा तो वरण-भात जेवत होता आणि तूप सासूबाईच वाढत होत्या.